ट्रॅकवर पेडल खोल जातं, घाटात ब्रेक लागत नाही: दोन्हींची कारणं वेगळी, उपायही वेगळे

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरची फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, १.५ टीएसआय (टर्बो पेट्रोल इंजिन), डीएसजी (ऑटोमॅटिक गिअर), पुढे डिस्क आणि मागे ड्रम. गाडी तीन वर्षांची, ब्रेक ऑइल कंपनीतून आलं तेच. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर चौथ्या-पाचव्या लॅपपासून पेडल खोल जायला लागलं. पिटमध्ये दहा मिनिटं थांबून परत निघाल्यावर पहिल्याच वळणाला ते जवळजवळ तळाला टेकलं. त्याआधी मे महिन्यात चार माणसं घेऊन चिखलदऱ्याहून उतरताना जळका वास आला होता आणि पेडल कडक असूनही गाडी थांबायला वेळ लागत होता. दुकानदार म्हणतो, नागपूरच्या उन्हात असं होणारच, भोकं पाडलेल्या डिस्क आणि मोठ्या कॅलिपरचं (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) किट टाका. टाकावं का?

आत्ता नको. घाटात पॅडने साथ सोडली होती आणि ट्रॅकवर ब्रेक ऑइल उकळलं होतं. किट बसवूनही जुनं ऑइल तसंच ठेवलंत, तर ते नव्या कॅलिपरमध्येही उकळेल.

आधी पायाला काय जाणवलं ते नीट आठवायचं, कारण निदान तिथेच होतं. पेडल नेहमीच्या उंचीवर आहे, घट्ट लागतंय, दुप्पट जोर लावला तरी गाडी ओढली जात नाही, म्हणजे पॅडचं घर्षण पडलं. पॅडमधला सगळा माल धरून ठेवणारं रेझिन एका तापमानानंतर जळायला लागतं, त्यातून वायू सुटतो आणि पॅड-डिस्कच्या मध्ये येतो. रस्त्यावरच्या वापरासाठी दिलेले कंपनीचे पॅड साधारण ३०० ते ३५० अंशांपर्यंत इमानदारीने काम करतात, पुढे त्यांचा भरवसा नाही. थंड झाल्यावर ब्रेक परत येतो, पण पॅडचा पृष्ठभाग चकचकीत, टणक होऊन बसतो आणि पुढच्या वेळी तो अजून लवकर हार मानतो.

पेडल मऊ लागतंय, खोल जातंय, दोन-तीनदा भराभर मारलं की वर येतंय, म्हणजे ऑइल उकळलं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पायाचा सगळा प्रवास कॅलिपरमधली वाफ आकसण्यात खर्च होतो आणि पॅड ढकलणाऱ्या पिस्टनपर्यंत दाब पोचतच नाही. दोन्हींत हा प्रकार जास्त घातक, कारण पॅड कमी होत-होत जातात आणि सूचना देतात, ऑइल मात्र एका ब्रेकला ठीक आणि पुढच्या ब्रेकला गायब असंही होऊ शकतं.

तुमच्या गाडीत तिसरी गोष्टही थोडी मिसळलेली असू शकते. मागचे ड्रम तापले की त्यांचा व्यास वाढतो, लायनर (ड्रमला आतून घासणारी पट्टी) आणि ड्रममधलं अंतर वाढतं आणि पेडल लांब होतं. फरक ओळखणं सोपं आहे. ड्रममुळे लांब झालेलं पेडल खाली गेलं तरी शेवटी कडक ठोकर देतं, वाफेचं पेडल शेवटपर्यंत मऊच राहतं.

पिटमधून निघाल्यावर पहिल्याच वळणाला पेडल तळाला का गेलं? गाडी पळत असताना डिस्कमधली उष्णता हवा घेऊन जात होती. गाडी उभी राहिली, हवा थांबली, आणि पाचशे अंशांच्या डिस्कमधली उष्णता पॅडमधून पिस्टनमध्ये, पिस्टनमधून ऑइलमध्ये शिरत राहिली. उभ्या गाडीत पहिली काही मिनिटं कॅलिपरचं तापमान वाढतच असतं. दहा मिनिटं विश्रांती दिली असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात त्या दहा मिनिटांत ऑइल उकळण्याच्या टप्प्यावर पोचलं. त्यावरचा इलाज पुढे गाडी चालवण्याच्या भागात सांगतो, तो फुकटचा आहे.

उष्णतेचा हिशेब एकदा करून ठेवा

गाडी आणि चालक मिळून १३५० किलो धरू. १४० च्या वेगावरून ६० वर येताना सुमारे ८३० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. यातला सत्तर टक्क्यांहून जास्त वाटा पुढच्या चाकांवर येतो, म्हणजे प्रत्येक पुढच्या डिस्कला ३०० किलोज्यूल. डिस्क सहा किलोची असेल तर एकाच ब्रेकमध्ये तिचं सरासरी तापमान जवळपास १०० अंशांनी चढतं. पुढच्या वळणापर्यंत ती ६० अंश उतरली आणि परत १०० चढली, तर चार-पाच लॅपमध्ये कुठे पोचेल ते कागदावर मांडून बघा.

ऊर्जेच्या हिशेबात वेगाचा वर्ग होतो ही गोष्ट इथे सगळ्यात महत्त्वाची. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. तिथे १८० वरून ७० वर येताना १४०० किलोज्यूलच्या वर ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. त्यामुळे करीवर टिकलेली व्यवस्था तिथे टिकेलच असं नाही, तिथे जायचं असेल तर पॅड आणि ऑइल दोन्ही एक पायरी वरचं लागतं. उलट बाजूने, सरळ पट्ट्याच्या शेवटी १४० ऐवजी १३५ ला ब्रेक मारलात तर सुरुवातीची ऊर्जा सात टक्क्यांनी कमी होते. स्टेपनी, जॅक, डिक्कीतलं सामान काढून आणि टाकी अर्धी ठेवून साठ किलो कमी केले तर फायदा चार-साडेचार टक्के. या दोन गोष्टींना पैसा लागत नाही.

आता नागपूरचं ऊन. मे महिन्यात ४५-४६ अंश असतं हे खरं, पण डिस्क ५०० वर असताना हवा २० ची आहे की ४६ ची, याने तापमानातला फरक पाच-सहा टक्क्यांनीच बदलतो. गरम हवा विरळ असते, तिथे अजून आठ टक्के जातात. सगळं मिळून थंड होण्याची क्षमता आठवा-दहावा हिस्सा कमी होते. एवढ्याने पेडल तळाला जात नाही. नागपूरच्या गाडीचं खरं नुकसान पावसाळा करतो, कारण ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं.

ब्रेक ऑइल: पहिला खर्च इथेच

ब्रेक ऑइलची प्रत डॉटच्या आकड्याने सांगतात. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही तिन्ही ऑइलं ग्लायकॉल जातीची. झाकणाच्या छिद्रातून, रबरी होजच्या भिंतीतून ती सावकाश ओलावा खेचत राहतात. मानकाप्रमाणे डॉट ३ चा ताज्या अवस्थेतला उत्कलनांक किमान २०५ अंश आणि ३.७ टक्के पाणी मुरल्यावर किमान १४०, डॉट ४ साठी २३० आणि १५५, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. तीन पावसाळे पाहिलेलं तुमचं ऑइल दुसऱ्या आकड्याच्या दिशेने बरंच सरकलं असणार. कंपनीच्या वेळापत्रकातही तीन वर्षांनी ते बदलायचंच असतं, म्हणजे ट्रॅकचा विषय सोडला तरी बदल आता करायचाच आहे.

डॉट ५ मात्र सिलिकॉन जातीचं असतं. ते यात चुकूनही मिसळायचं नाही आणि एबीएसच्या गाडीत वापरायचंही नाही. ५ आणि ५.१ यांत फक्त एका टिंबाचा फरक असल्याने दुकानात बाटली हातात घेऊन स्वतः वाचा.

ट्रॅकसाठी ३०० अंशांच्या वरचा ताजा उत्कलनांक असलेलं ऑइल घ्या. मोतुल आरबीएफ ६०० चा ३१२ अंश आहे. कॅस्ट्रॉल एसआरएफ त्याहून बरंच महाग, पण ३२० अंश ताजा आणि २७० अंश पाणी मुरल्यावरचा, त्यामुळे ते एकदा भरून जास्त काळ चालतं. रेसिंग ऑइल थंडीत घट्ट होतं आणि एबीएसच्या बारीक व्हॉल्व्हना त्रास देतं अशी भीती घातली जाते. ती उणे तापमानाच्या देशांसाठी खरी आहे, नागपूरच्या डिसेंबरमध्ये हा मुद्दा येत नाही. मात्र गाडी वर्षातून एकदाच ट्रॅकवर जाणार असेल तर चांगलं ताजं डॉट ५.१ पुरतं का ते आधी करीसारख्या छोट्या ट्रॅकवर बघायला हरकत नाही.

एक लिटर, म्हणजे ५०० मिलीच्या दोन सीलबंद बाटल्या आणा. मागच्या वेळची अर्धी उरलेली बाटली वापरू नका, ती कपाटात बसून पाणी पीत होती. पहिलं काम: ब्रेक ऑइलच्या टाकीतलं जुनं ऑइल मोठ्या सिरिंजने ओढून काढा, तळाचा गाळ स्वच्छ कापडाने टिपा आणि नवं भरा. मग कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या क्रमाने एकेका चाकाच्या ब्रेक लाईनमधली हवा काढा. हा क्रम मॉडेलनुसार बदलतो. हवा काढायच्या निपलला आधी रिंग पाना लावून सैल करा, फिक्स पान्याने त्याच्या कडा गोल होतात. पारदर्शक नळी बसवा, तिचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडलेलं ठेवा. पुढच्या कॅलिपरमधून सुरुवातीला येणारं ऑइल चहाच्या रंगाचं असेल आणि उकळून गेलेलं असेल तर त्यात बारीक बुडबुड्यांची रांग दिसेल. रंग नव्या ऑइलसारखा झाल्यावर लगेच थांबू नका, अजून चाळीस-पन्नास मिली जाऊ द्या. निपल हाताच्या जोरावर करकचून आवळायचा नसतो, १० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे होतो. तो तुटला तर कॅलिपर बदलण्यापर्यंत गोष्ट जाते.

दाबाने ऑइल ढकलणारा प्रेशर ब्लीडर असेल तर दीड ते दोन बार दाबावर काम करा. पायाने पंप करून हवा काढणार असाल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरचं सील शेवटच्या टोकापर्यंत कधी जात नाही, तिथे जमलेल्या गंजावरून ते पहिल्यांदाच घासलं गेलं तर फाटतं आणि मग चांगलं असलेलं पेडल हवा काढल्यावर बसायला लागतं. टाकी कधीही रिकामी होऊ देऊ नका. एबीएसच्या ब्लॉकमध्ये हवा शिरली तर स्कॅनर लावून पंप चालवल्याशिवाय ती निघत नाही. मॅन्युअल गिअरच्या व्हर्टसमध्ये क्लच याच टाकीतलं ऑइल वापरतो, तेव्हा त्याचीही लाईन साफ करायची. रंगावर थेंब पडला तर पुसू नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा.

पेनासारखं मीटर बुडवून पाण्याचा टक्का सांगणारी उपकरणं स्वस्त मिळतात, पण ती विजेची वाहकता मोजून अंदाज बांधतात आणि ऑइलच्या जातीनुसार चुकतात. नमुना प्रत्यक्ष उकळून बघणारा टेस्टर असलेल्या ठिकाणी तपासणी झाली तर ती मानावी. नाहीतर सरळ नियम ठेवा: पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये पूर्ण बदल, आणि प्रत्येक ट्रॅक डेच्या आधीच्या आठवड्यात पुढच्या दोन कॅलिपरमधून शंभर-शंभर मिली नवं ऑइल. उकळण्याची घटना झाली असेल तर पेडल दुसऱ्या दिवशी कितीही चांगलं लागो, कॅलिपरमधलं ऑइल काढूनच टाका.

पॅड

दुसरा खर्च पुढच्या पॅडचा. ट्रॅकसाठी पॅड निवडताना डब्यावरचा सर्वांत वरचा आकडा बघून भुलायचं नाही. ७००-८०० अंशांचे शुद्ध रेसिंग पॅड सीताबर्डीच्या सिग्नलवर थंडे असताना नीट धरत नाहीत, किंचाळतात आणि डिस्क खातात. ऑफिसला जाणारी गाडीच ट्रॅकवर नेणार असाल तर फेरोडो डीएस २५००, ईबीसी यलोस्टफ या वर्गातले पॅड योग्य. थंडे असतानाही चावतात आणि कंपनीच्या पॅडपेक्षा दीडशे-दोनशे अंश जास्त सोसतात. तुमच्या कॅलिपरचा नेमका आकार मिळतो का ते पॅडची मागची प्लेट मापून पक्कं करा, एकाच मॉडेलच्या गाड्यांत दोन प्रकारचे कॅलिपर येऊ शकतात.

पुढे जास्त घर्षणाचे पॅड आणि मागे तेच ड्रम, यामुळे ब्रेकिंगचा जास्त वाटा पुढे सरकतो. स्थैर्याच्या दृष्टीने ही दिशा सुरक्षित आहे, मागची चाकं आधी अडकण्याचा धोका वाढत नाही. पण पुढच्या डिस्कवर आणखी उष्णता येते हे लक्षात ठेवून हवेची सोय करावी लागते. मागचे ड्रम उघडून धूळ साफ करा, ड्रममधल्या व्हील सिलिंडरच्या रबराखाली ओल आहे का बघा, लायनरचं ॲडजस्टमेंट काम करतंय ना ते तपासा. बहुतेक गाड्यांचे ड्रम पहिल्या दिवसापासून कुणी उघडलेले नसतात.

नवे पॅड बसवून थेट जोरात चालवले तर ते पहिल्याच सत्रात फेड होतात, म्हणजे तापून पकड सोडतात. रेझिनमधला उरलेला वायू तेव्हा बाहेर पडतो. म्हणून बेडिंग, म्हणजे पॅड आणि डिस्क टप्प्याटप्प्याने तापवून एकमेकांना बसवणं. पॅडच्या कंपनीने दिलेली पद्धत असेल तर ती पाळा. नसेल तर ८० वरून २० पर्यंत मध्यम जोराने सहा-आठ वेळा, मग ११० वरून ४० पर्यंत जोराने सहा-आठ वेळा, मध्ये एकदाही पूर्ण न थांबता, आणि शेवटी दहा मिनिटं ब्रेकला जवळजवळ हात न लावता चालवत थंड करणं. डिस्कवर सगळीकडे सारखा राखाडी-निळसर थर दिसला की काम झालं. हे समृद्धीवर किंवा आउटर रिंग रोडवर करू नका. मागून येणाऱ्या ट्रकला तुमच्या ब्रेकचं कारण कळत नाही. ट्रॅकवरचं पहिलं सत्र त्यासाठीच ठेवा.

गरम डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं की पॅडचा माल त्या जागी चिकटतो. पुढे १०० च्या वेगाला ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं आणि मेकॅनिक डिस्क वाकली म्हणून सांगतो. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, थर असमान असतो, आणि पुन्हा नीट बेडिंग केल्यावर सुरुवातीचा त्रास जातोही.

पॅडची जाडी निम्मी राहिली की ट्रॅकसाठी तो संपला असं समजा. पातळ पॅड उष्णता पिस्टनकडे लवकर पोचवतो आणि परत ऑइल उकळण्याचा प्रश्न उभा राहतो. रस्त्यावर तोच पॅड अजून काही हजार किलोमीटर चालवता येईल.

डिस्क आणि ती भोकं

डिस्क ही उष्णता साठवायची जागा आहे, वजन जितकं जास्त तितकी ती सावकाश तापते. म्हणून झिजलेली डिस्क घेऊन ट्रॅकवर जाणं म्हणजे लहान डिस्क घेऊन जाणं. समजा डिस्क २२ मिमीची आहे आणि तिच्यावर किमान जाडी १९ कोरलेली आहे. तीन मिमी झीज वरवर कमी वाटते. पण मधली दहा मिमी तर पोकळी आहे, खरं लोखंड दोन्ही बाजूंना सहा-सहा मिमी. दोन्हीकडून दीड-दीड मिमी गेलं म्हणजे उष्णता झेलणाऱ्या पाट्यांचा चौथा हिस्सा गेला. ट्रॅकला जाताना डिस्क नवी किंवा झीज एक मिमीच्या आत असलेली हवी. कडेला बसलेला गंज तासून मायक्रोमीटरने मापा, साध्या व्हर्नियरला कडेची उंच धार चुकीचं माप देते.

भोकांमुळे पॅडमधला वायू निघायला वाट मिळायची, ते जुन्या काळच्या पॅडसाठी उपयोगी होतं. आजच्या चांगल्या पॅडमधून तेवढा वायू सुटत नाही. भोकांमुळे लोखंड कमी होतं, आणि वारंवार तापून थंड होताना भोकापासून भोकापर्यंत तडे जातात. साध्या डिस्कला कारागिराकडून भोकं पाडून घेणं तर सरळ धोकादायक आहे. खाचा असलेली डिस्क चालेल, ती पॅडचा चकचकीत थर खरवडते, पण पॅड जरा लवकर संपवते. तुम्हाला साधी, कंपनीच्या दर्जाची, पूर्ण जाडीची डिस्क पुरेल. पोकळीतली पाती वळणदार असतील तर डावी-उजवी डिस्क वेगळी असते, अदलाबदल झाली तर हवा ओढण्याचं काम बिघडतं.

हवा नेमकी कुठे द्यायची

डिस्क मधून, हबच्या बाजूने हवा ओढते आणि कडेने फेकते. त्यामुळे डक्टची, म्हणजे बंपरपासून आणलेल्या नळीची हवा डिस्कच्या मध्यावर, आतल्या पोकळीच्या तोंडाशी सोडायची. नळीचं तोंड नुसतं डिस्कच्या सपाट बाजूवर रोखलं तर एक बाजू थंड, एक गरम, आणि तडे. बंपरच्या खालच्या जाळीतून ६३ किंवा ७५ मिमीची, उष्णता सोसणारी सिलिकॉन नळी डिस्कमागच्या पत्र्याच्या शिल्डवर बसवलेल्या तोंडापर्यंत न्यायची. हिंगणा एमआयडीसीत शीट मेटलचं काम करणाऱ्याला शिल्डचं माप देऊन हे तोंड बनवून घेता येतं, दीड मिमी ॲल्युमिनिअम किंवा एक मिमी स्टेनलेस चालतं. स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून आणि सस्पेन्शन दाबून नळी टायरला किंवा ड्राइव्हशाफ्टला घासत नाही ना हे बघितल्याशिवाय चाक बसवू नका. चाकाचे बोल्ट टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटरला आवळा, आणि पहिल्या सत्रानंतर चाक थंड झाल्यावर परत तपासा.

शिल्ड पूर्ण काढून टाकायचा सल्ला बरेच जण देतात. रोज चालणाऱ्या गाडीत तो घेऊ नका. पावसाळ्यात चिखल आणि गिट्टी थेट डिस्कवर येते, शिवाय तोच पत्रा बॉल जॉइंटच्या रबरी बुटाला डिस्कच्या धगीपासून वाचवत असतो. बूट करपला की ग्रीस वाहून जातं आणि जॉइंट खिळखिळा होतो.

स्टीलच्या जाळीच्या होजबद्दलही विचारलं जातं. पेडल जास्त टणक लागतं, ते खरं. फेड त्याने कमी होत नाही.

गाडी कशी चालवायची

तीच ऊर्जा कमी वेळात, पूर्ण जोराने काढली तर ब्रेक जास्त टिकतो, कारण मधला मोकळा वेळ थंड होण्याला मिळतो. घाबरत-घाबरत लवकर ब्रेक धरणारा आणि वळणभर पाय ठेवून घासत जाणारा चालक डिस्कला श्वासच घेऊ देत नाही. सरळ रेषेत जोरात, वळणाकडे सावकाश सोडत, आणि पाय पूर्ण उचलून ॲक्सिलरेटरवर. वळणात आतलं चाक घसरायला लागलं की गाडीची इलेक्ट्रॉनिक प्रणाली त्या चाकाला स्वतः ब्रेक लावते, ती उष्णताही तुमच्याच पॅडमध्ये जमा होते. वळणातून बाहेर निघताना गॅस मापात दिला की हे टळतं. ईएससी, म्हणजे गाडी घसरू न देणारी प्रणाली, बंद करून हे साधायला जाऊ नका.

सत्राचा आराखडा: एक लॅप गरम करायला, तीन जोरात, एक सावकाश, परत दोन जोरात, आणि शेवटचा पूर्ण लॅप ब्रेक जवळजवळ न लावता. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, चाकाला लाकडी ठोकळा लावा आणि गिअर पीमध्ये ठेवा. पाय पेडलवरून काढा. जागा असेल तर पॅडॉकमध्ये (पिटमागच्या मोकळ्या जागेत) चालण्याच्या वेगाने दोन-तीन मिनिटं गाडी फिरवत राहा. तुमच्याकडे पिटनंतर जे झालं ते एवढ्याने बऱ्याच अंशी टळलं असतं. परत निघताना पहिल्या वळणाच्या बरंच आधी, सरळ रस्त्यावर पेडल एकदा हलकं दाबून उंची बघा. प्रत्येक सत्रात प्रत्येक वळणाआधी ही सवय ठेवली तरी चालेल.

पेडल लांब व्हायला लागलं की त्याच लॅपला वेग सोडा. "अजून एक लॅप" यात गाड्या भिंतीत जातात.

चिखलदऱ्याचा उतार

घाटातलं गणित ट्रॅकहून वेगळं. चार माणसांसह १५०० किलोची गाडी चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे सहा-सातशे मीटर खाली येते, तेव्हा साडेनऊ हजार किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा कुठेतरी जायला हवी. १४० वरून ६० चे अकरा ब्रेक होतील एवढी ती आहे. टायरचा रोध आणि हवा मोठा वाटा खातात, पण उरलेली इंजिनने घेतली नाही तर ब्रेकने घ्यावी लागते, तीही कमी वेगात, जिथे थंड करायला वारा नसतो. डीएसजी डीमध्ये ठेवली तर ती वरचा गिअर धरते आणि इंजिन काहीच ओढत नाही. उतार सुरू व्हायच्या आधीच मॅन्युअलमध्ये घ्या, दुसरा किंवा तिसरा गिअर, इंजिन तीन-साडेतीन हजारांवर फिरू द्या. त्याने इंजिनला काही होत नाही. ब्रेक लागेल तेव्हा दमदार मारा, वेग वीसने पाडा, सोडून द्या. पेडलवर पाय टेकवून किलोमीटर-किलोमीटर उतरण्यानेच तो जळका वास येतो. छिंदवाड्याच्या वाटेवरचा सिल्लेवानी घाट असो की पचमढीचा उतार, पद्धत हीच. वास आलाच तर मोकळ्या जागी थांबा, डिस्कवर पाणी ओतू नका, तडकते.

मोजल्याशिवाय किट नाही

पुढच्या ट्रॅक डेला डिस्कच्या कडेवर उष्णता दाखवणारा रंग लावा. हिरवा ४३० अंशांना पांढरा पडतो, केशरी ५६० ला पिवळा, लाल ६१० ला पांढरा. कॅलिपरवर तापमानाच्या पट्ट्या चिकटवा, त्यांतले काळे झालेले खाने पिस्टनजवळ किती तापलं ते सांगतात. हातातल्या इन्फ्रारेड गनवर विसंबू नका, घासून चकचकीत झालेल्या डिस्कवर ती कमी आकडा दाखवते, शिवाय पिटपर्यंत येताना डिस्क बरीच उतरलेली असते. पिस्टनचं धूळ-रबर कडक होऊन भुगा होत असेल, पॅडच्या मागच्या प्लेटचा रंग जळाला असेल, तर तेही लिहून ठेवा. कॅलिपरच्या स्लाइड पिना हाताने सरकतात का बघा. एक पिन अडकली की एकच पॅड घासतो, एक तिरका झिजतो आणि तेच चाक जास्त तापतं. ग्रीस लावायचं तिथे रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीसच लावा. ज्या कॅलिपरच्या पिना कोरड्या चालवायच्या असतात तिथे काहीच नको.

नवं ऑइल, योग्य पॅड, पूर्ण जाडीची डिस्क आणि डक्ट एवढं करूनही लाल रंग पांढरा पडत असेल, किंवा कॅलिपरची पट्टी २०० च्या वर जात असेल, तर डिस्क खरोखर लहान पडते आहे आणि मोठ्या किटचा विचार रास्त आहे. तेव्हाही कॅलिपरच्या रंगाकडे आणि पिस्टनच्या संख्येकडे न बघता डिस्कचं वजन आणि जाडी विचारा, पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ मूळ कॅलिपरच्या जवळ आहे का ते विचारा. ते फार वाढलं तर पेडल लांब होतं. चाकाच्या आत किती जागा उरते ते कागदी नमुना कापून बघा. आणि बदलाची माहिती विमा कंपनीला लेखी द्या. नेहमीच्या मोटर पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, त्यामुळे ट्रॅकवर काही झालं तर भरपाई मिळेल असं धरून चालू नका, आयोजकाकडे वेगळी सोय आहे का ते नाव नोंदवण्याआधी विचारून घ्या.